संकल्प, भावना आणि मनातले मांडे

कल्पनाचित्रण म्हणजे हवी असलेली गोष्ट घडून आली आहे असे मनात स्पष्ट पाहणे, त्या दृश्यात रंग, आवाज आणि स्पर्श भरणे, आणि ते रोज ठरावीक वेळी पुन्हा पुन्हा अनुभवणे. नोकरी, घर, परीक्षेतील यश, दुखण्यातून उठणे, स्पर्धेतील विजय अशा कोणत्याही वैयक्तिक उद्दिष्टासाठी ही रीत सांगितली जाते. डोळे मिटून अंग सैल सोडावे, 'मिळेल' असे न म्हणता 'मिळाले आहे' असे म्हणावे आणि मग निश्चिंत व्हावे, असा तिचा साधारण क्रम असतो. अमेरिकी लेखिका शक्ती गवेन यांच्या १९७८ सालच्या 'क्रिएटिव्ह व्हिज्युअलायझेशन' या पुस्तकाने हे नाव जगभर पोचवले.

या रीतीच्या पोटात दोन वेगवेगळे दावे आहेत आणि ते बहुतेकदा एकत्र मिसळून मांडले जातात. मनातल्या चित्रामुळे माणूस बदलतो, त्याचे लक्ष, धीर आणि हात यांना वळण लागते, आणि त्यातून काम साधते, हा पहिला दावा. दुसरा याहून खूप मोठा आहे: चित्र पुरेसे ठळक आणि विश्वास पुरेसा पक्का असेल तर बाहेरची सृष्टीच त्याप्रमाणे आकार घेते, मधे कृतीची फारशी गरज उरत नाही. पहिल्या दाव्याची परीक्षा मानसशास्त्र करू शकते. दुसरा दावा मन आणि जग यांच्या नात्याविषयीचा आहे, म्हणून तो तत्त्वज्ञानाच्या दारात येतो.

दुसऱ्या दाव्याचा आधुनिक उगम एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत सापडतो. मेन राज्यातील घड्याळे बनवणारा फिनिअस क्विम्बी (१८०२–१८६६) आजार हे चुकीच्या समजुतीतून येतात असे सांगून लोकांवर उपचार करी. त्याच्या प्रभावातून 'न्यू थॉट' नावाची चळवळ उभी राहिली. वॉलेस वॉटल्स यांनी १९१० मध्ये तीच विचारसरणी श्रीमंत होण्याच्या शास्त्राला लावली, नेपोलियन हिल यांचे 'थिंक अँड ग्रो रिच' १९३७ मध्ये आले आणि २००६ मध्ये 'द सीक्रेट'ने हाच दावा 'आकर्षणाचा नियम' या नावाने घराघरांत नेला. फ्रान्समध्ये औषधविक्रेते एमिल कुए यांनी स्वयंसूचनेची याच्या जवळची पद्धत रूढ केली होती. सकाळी उठताना आणि रात्री झोपताना आपण सुधारत असल्याचे एक वाक्य वीस वेळा म्हणायचे आणि मोजणीसाठी गाठी मारलेली दोरी हातात ठेवायची.

भारताचा या इतिहासाशी संबंध आहे, पण तो सरळ नाही. स्वामी विवेकानंद १८९४ च्या उन्हाळ्यात मेनमधील ग्रीन एकर येथे अशाच वर्तुळातील श्रोत्यांपुढे बोलले होते. पुढे शिकागोतील वकील विल्यम वॉकर ॲटकिन्सन यांनी १९०६ मध्ये आकर्षणाच्या नियमावर पुस्तक लिहिले आणि 'योगी रामचरक' हे नाव घेऊन योगावरचीही बरीच पुस्तके लिहिली. त्यामुळे आज मराठीत 'आपल्या ऋषींनी सांगितलेले मनःशक्तीचे रहस्य' म्हणून जे येते, त्यातला मोठा भाग अमेरिकेची वारी करून आलेला असतो. ऋषींनी प्रत्यक्षात काय म्हटले आहे ते त्यामुळे वेगळे काढून पाहावे लागते.

उपनिषदांनी संकल्पाला मोठे स्थान दिले आहे, यात शंका नाही. छांदोग्यातील शांडिल्यविद्येनुसार माणूस हा निश्चयाचाच घडलेला असतो. या लोकी त्याचा जसा निश्चय, तसा तो इथून गेल्यावर होतो. त्याच उपनिषदाच्या सातव्या अध्यायात सनत्कुमार नारदाला संकल्प मनाहूनही मोठा असल्याचे सांगतात. पण ते तिथे थांबत नाहीत, त्याच्याही वरच्या पायऱ्या दाखवत जातात. आठव्या अध्यायात आत्मज्ञानी पुरुषाने नुसता संकल्प करताच त्याला हवे ते पुढे उभे राहते असे वर्णन आहे, आणि कल्पनाचित्रणाचे पुरस्कर्ते याच भागाचा आधार घेऊ शकतात. मात्र तिथली अट कडक आहे. ज्याने हृदयातला आत्मा जाणला त्याचाच संकल्प खरा ठरतो. इतरांच्या खऱ्या इच्छांवर असत्याचे झाकण असते. शेत माहीत नसलेली माणसे पुरलेल्या सोन्यावरून रोज चालतात आणि त्यांना ते सापडत नाही, असा दृष्टांत तिथे येतो. म्हणजे उपनिषदाला इच्छापूर्तीच्या तंत्रापेक्षा इच्छा कोणती आणि ती कोणाची, या प्रश्नात अधिक रस आहे.

बृहदारण्यकातली साखळी आणखी उपयोगी आहे. माणसाची जशी इच्छा तसा निश्चय, जसा निश्चय तसे कर्म, जसे कर्म तसे फळ. चार कड्यांच्या या साखळीत निश्चय आणि फळ यांच्या मधोमध कर्म बसलेले आहे. आकर्षणाच्या नियमाने नेमकी ही तिसरी कडी काढून टाकली आणि दुसरी थेट चौथीला जोडली. योगवासिष्ठ हा ग्रंथ तर जग संकल्पातूनच उभे राहते असे ठामपणे म्हणतो. त्याच ग्रंथाचे मुमुक्षुप्रकरण पौरुषाचा, म्हणजे स्वतःच्या प्रयत्नाचा, इतका आग्रह धरते की दैवावर विसंबणाऱ्याला तिथे थारा नाही. जग मनोमय मानणाऱ्यालाही हात हलवावेच लागतात, हे त्या ग्रंथकाराला स्पष्ट दिसत होते.

संकल्प हा शब्द मराठी घरात ग्रंथातून येत नाही, तो पूजेच्या पाटावरून येतो. आचमन आणि प्राणायाम झाल्यावर यजमान देशकालाचा उच्चार करतो: मन्वंतर, युग, भरतवर्ष, गोदावरीचा उत्तर किंवा दक्षिण तीर, शालिवाहन शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. मग गोत्र आणि नाव. मग हेतू: कुटुंबाचे क्षेम, आयुष्य, आरोग्य, ऐश्वर्य. इथपर्यंत हेही एक उद्दिष्टचित्रच आहे. विश्वाच्या अफाट काळापासून सुरू होऊन ते आजच्या तिथीला एका पाटावर बसलेल्या एका माणसापर्यंत येते. पण पुढे तीन गोष्टी येतात आणि त्यांमुळे हा संकल्प कल्पनाचित्रणापासून वेगळा पडतो. जे ज्ञान आहे आणि जी सामग्री जमली आहे तिच्यानिशी, अशी मर्यादेची कबुली त्यात असते. विघ्ने येणारच हे गृहीत धरून त्यांच्या निवारणासाठी आधी गणपतीचे स्मरण करण्याचा उल्लेख असतो. आणि शेवटी क्रियापद येते ते 'करिष्ये', मी करीन. 'मला मिळाले आहे' असे वाक्य संकल्पात कुठेच नाही. हेतूत फळ सांगितले जाते, वचन मात्र कृतीचे दिले जाते. मग हातावरचे पाणी ताम्हनात सुटते आणि बोलणारा माणूस त्या कृतीला बांधला जातो.

या रचनेमागचे शास्त्र वेदातील विधिवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी बांधले आहे. त्यांचा मध्यवर्ती शब्द आहे 'भावना'. आजच्या मराठीत भावना म्हणजे मनातला भाव. मीमांसेत तिचा अर्थ आहे जे अजून नाही ते व्हायला लावण्याचा व्यापार. फळाच्या इच्छेने माणसाची जी प्रवृत्ती होते तिला ते आर्थी भावना म्हणतात, आणि ती तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय पुरी होत नाही: काय घडवायचे, कशाने घडवायचे आणि कसे घडवायचे. पहिले साध्य, दुसरे साधन, तिसरी इतिकर्तव्यता, म्हणजे करण्याची सगळी तपशीलवार रीत. स्वर्गाची इच्छा असलेल्याने याग करावा या विधीत स्वर्ग हे साध्य, याग हे साधन आणि प्रयाजादी अंगे, म्हणजे यागातले पोटविधी, ही इतिकर्तव्यता. तिन्हींपैकी एक जरी मोकळी राहिली तरी वाक्य अपेक्षेतच लटकते. यज्ञाच्या चौकटीत झालेला हा विचार वैयक्तिक उद्दिष्टांना लावला तर कल्पनाचित्रणाची उणीव ताबडतोब नजरेस येते: त्यात साध्य रंगवून रंगवून भव्य केलेले असते, साधन पुसट असते आणि इतिकर्तव्यता नसतेच.

वैद्यांच्या भाषेतही भावना आहे. चूर्णाला वनस्पतीच्या रसाची भावना देतात, म्हणजे ते रसात भिजवून खलात घोटायचे, सुकवायचे, पुन्हा रस घालायचा, अशी सात-सात आवर्तने करायची. त्यातून रसाचे गुण चूर्णात उतरतात. रोज तेच चित्र मनात आणण्यामागची कल्पना हीच आहे आणि तिच्यात तथ्यही आहे. फक्त खल आणि घोटणारा हात विसरता येत नाही.

या विसरण्याला मराठीत नेमका वाक्प्रचार आहे: मनात मांडे खाणे. पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रात त्याची कथा येते. स्वभावकृपण नावाचा ब्राह्मण भिक्षेत मिळालेल्या सातूच्या पिठाचे मडके खुंटीला टांगतो आणि खाली खाटेवर पडून त्याकडे एकटक बघत राहतो. दुष्काळ पडेल, पीठ चांगल्या भावाने विकले जाईल, दोन शेळ्या येतील, शेळ्यांच्या गाई, गाईंच्या म्हशी, म्हशींच्या घोड्या, मग सोने, चौसोपी घर, बायको, मुलगा सोमशर्मा. मूल घोड्यांच्या पायांजवळ रांगत जाते, बायको हाकेला ओ देत नाही, म्हणून तो रागाने लाथ मारतो आणि खरे मडके फुटते. या माणसाचे कल्पनाचित्रण तंत्राच्या दृष्टीने उत्तम आहे. चित्र तपशीलवार आहे, भाव उत्कट आहे, इतका की पाय खरोखर उचलला जातो. घडून गेल्यासारखे अनुभवण्याची अट तो पुरेपूर पाळतो, आणि तोच त्याचा नाश ठरतो.

चौदाव्या शतकातील विद्यारण्यांनी 'पंचदशी'च्या द्वैतविवेक प्रकरणात या अवस्थेला मनोराज्य म्हटले आणि तिची काळजीपूर्वक चिकित्सा केली. त्यांच्या मते जग दुहेरी आहे: एक ईश्वराने रचलेले, दुसरे जिवाने त्यावर मनाने रचलेले. रत्न एकच असते. ज्याला मिळाले तो हरखतो, न मिळालेला चिडतो, विरक्त नुसता पाहतो. परदेशी गेलेला मुलगा जिवंत असूनही कोणी खोटी बातमी आणली तर बाप रडतो, आणि खरोखर गेला असूनही बातमी आली नाही तर रडत नाही. सुखदुःख घडवण्याची मनाची ताकद याहून स्पष्ट कोणी दाखवलेली नाही. पण विद्यारण्य त्यातून 'म्हणून मनाने रत्न निर्माण करता येते' असा निष्कर्ष काढत नाहीत. मुलगा जिवंत आहे की नाही हे बापाच्या मनावर अवलंबून नाही; रडणे तेवढे आहे. मनोनिर्मित द्वैतापैकी जे साधनेला उपयोगी नाही त्याचे ते तीव्र आणि मंद असे दोन भाग करतात. कामक्रोध हे तीव्र, मनोराज्य हे मंद. मंद असले तरी तेच सर्व दोषांचे बी आहे, कारण विषयाचे चिंतन करता करता आसक्ती आणि आसक्तीतून काम, क्रोध जन्मतात हा गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील क्रम तिथूनच सुरू होतो.

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून झालेल्या अभ्यासांनी या जुन्या निरीक्षणाला अनपेक्षित बाजूने आधार दिला. जर्मन मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएले एटिंगन यांनी १९९१ मध्ये वजन कमी करू पाहणाऱ्या २५ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्याला जमेल अशी अपेक्षा बाळगणाऱ्यांचे वजन अधिक उतरले, पण बारीक झाल्याची गोड स्वप्ने रंगवणाऱ्यांचे कमी उतरले. २००२ मधील दुसऱ्या अभ्यासात नोकरी शोधणारे पदवीधर होते. यशाची स्वप्ने वारंवार पाहणाऱ्यांना दोन वर्षांनी नोकरीचे प्रस्ताव कमी आलेले आणि पगारही कमी मिळालेले आढळले. अपेक्षा आणि स्वप्नरंजन यांतला हा फरक फार मोलाचा आहे. अपेक्षा मागच्या अनुभवावर उभी असते, स्वप्नाला तशा आधाराची गरज नसते. मनात यश चाखून झाले की शरीराचा ताण उतरतो, आणि तोच ताण कामाला उठवणारा असतो.

लीन फाम आणि शेली टेलर यांचा १९९९ चा प्रयोग मीमांसेच्या तीन प्रश्नांवरचे भाष्य म्हणून वाचता येतो. परीक्षेच्या आधी काही विद्यार्थ्यांना रोज पाच मिनिटे उत्तम गुण मिळाल्याचे चित्र पाहायला सांगितले, तर काहींना त्या गुणांसाठी आपण कधी, कुठे, कसा अभ्यास करतो आहोत याचे. दुसऱ्या गटाने अभ्यास लवकर सुरू केला आणि गुणही अधिक मिळवले. निव्वळ निकाल पाहणाऱ्यांना त्या चित्राचा फायदा झाला नाही. साध्याचे चित्र निष्फळ, इतिकर्तव्यतेचे सफळ. एटिंगन यांनी पुढे जी पद्धत सुचवली तीही अशीच आहे: इच्छा, तिचे फळ, मग आपल्या आतलाच अडथळा, आणि तो आला की काय करायचे याचा ठराव. विघ्नांची आठवण आधी ठेवणाऱ्या पूजेच्या संकल्पाशी तिचे साम्य ओढूनताणून आणावे लागत नाही.

कृतीचे चित्रण शरीरात किती खोल जाते हे आल्व्हारो पास्कुआल-लिओने यांच्या १९९५ मधील पियानोच्या प्रयोगात दिसले. पाच बोटांचा एक सराव काहींनी रोज दोन तास, पाच दिवस प्रत्यक्ष केला, तर काहींनी तेवढाच वेळ बोटे न हलवता मनात केला. बोटे हलवणाऱ्या मेंदूच्या भागात दोन्ही गटांत सारखे बदल झाले. वादनात मनातला गट मागे होता, पण दोन तासांच्या एकाच प्रत्यक्ष सरावाने तो बरोबरीला आला. मैदानावरचे खेळाडू आणि रियाज करणारे गायक ज्याचा उपयोग करतात ते कल्पनाचित्रण या जातीचे आहे. त्यात टाळ्या गौण असतात, तिहाई समेवर कशी उतरवायची ते मुख्य असते.

धर्मपरंपरेत या जातीच्या कल्पनेचा सर्वांत सुंदर नमुना तमिळ देशातला आहे. बाराव्या शतकात सेक्किळार यांनी रचलेल्या 'पेरिय पुराणम्'मध्ये तिरुनिन्रवूरच्या पूसलार नायनारांचे चरित्र येते. त्यांना शिवाचे देऊळ बांधायचे होते, जवळ पैसा नव्हता. मागूनही मिळेना, तेव्हा त्यांनी ते मनात बांधायला घेतले. मनातच दगड, लाकूड आणि कारागीर जमवले, चांगला मुहूर्त पाहून पाया घातला, रात्री न झोपता काम चालवले, शिखर चढवले, चुना दिला, विहीर खणली, कोट बांधला आणि शेवटी प्रतिष्ठेचा दिवस ठरवला. त्याच दिवशी कांचीच्या राजाने आपल्या प्रचंड पाषाणमंदिराची प्रतिष्ठा योजली होती. शिवाने राजाच्या स्वप्नात येऊन सांगितले की तुझा दिवस पुढे ढकल, मला पूसलाराच्या देवळात जायचे आहे. राजा तिरुनिन्रवूरला आला. गावात देऊळ कुठेच नव्हते, होता तो एक गरीब माणूस.

पूसलार आणि स्वभावकृपण दोघेही मनातच बांधतात, दोघांकडेही बाहेर फारसे काही नाही. पण ब्राह्मणाच्या चित्रात श्रम कुठेच नाहीत, शेळ्यांच्या गाई आपोआप होतात. पूसलारांच्या चित्रात पाया घालण्याचा दिवस आहे, जागलेल्या रात्री आहेत, बांधकामाला लागतो तेवढा काळ आहे. दुसरा फरक भोक्त्याचा. एकाच्या घरात तो स्वतः मालक म्हणून बसतो आणि लगेच लाथ मारायला लागतो. दुसऱ्याच्या देवळात तो स्वतः राहणार नाही. मानसपूजेची सगळी परंपरा या दुसऱ्या फरकावर उभी आहे. शंकराचार्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या शिवमानसपूजेत रत्नांचे आसन आणि हिमजलाचे स्नान मनानेच अर्पण केले जाते. समर्थ रामदासांच्या मानसपूजा प्रकरणात तर रांधण्या-वाढण्याची मोठी तयारी आहे. कितीही वैभव कल्पिले तरी ते भक्ताच्या खात्यावर जमा होत नाही.

हेच रामदास कल्पनेविषयी सावध आहेत. मनाच्या श्लोकांत ते बजावतात की युगानुयुगे कल्पना करीत राहिले तरी रामाची भेट व्हायची नाही, आणि प्रयत्नाला ते देवाच्या जागी बसवतात. दासबोधाच्या द्वैतकल्पनानिरसन समासात त्यांनी कल्पनेनेच कल्पना मोडण्याची युक्ती सांगितली आहे. बौद्ध तंत्रसाधनेतही असाच क्रम आहे: उत्पत्तिक्रमात साधक देवतेचे रूप अलंकारांसह, आयुधांसह बारकाईने उभे करतो आणि मग ते संपूर्ण चित्र शून्यतेत विरवतो. विरवणे हा साधनेचा उत्तरार्ध आहे. विरवले नाही तर उभे केलेले रूप नवी आसक्ती होऊन बसते.

तुकोबांच्या मन प्रसन्न करण्याविषयीच्या अभंगाचाही मनःशक्तीच्या शिबिरांत बराच आधार घेतला जातो. तिथे 'प्रसन्न'चा अर्थ उत्साही, आशावादी असा लावतात. जुन्या अर्थाने प्रसन्न म्हणजे गाळ खाली बसलेल्या पाण्यासारखे निवळलेले. गीतेतही हा शब्द रागद्वेष सुटलेल्या मनासाठी येतो. हव्या त्या गाडीचे चित्र रोज ढवळत राहणे हे त्या प्रसन्नतेच्या उलट आहे. म्हणून इच्छा धरणेच पाप ठरते असे नाही. अर्थ आणि काम हे पुरुषार्थच आहेत आणि पूजेच्या संकल्पात ऐश्वर्य संकोच न करता मागितले जाते. प्रश्न इच्छेच्या पकडीचा आहे.

दुसऱ्या, मोठ्या दाव्याचा सर्वांत गंभीर दोष नैतिक आहे. मनातले चित्रच वास्तव घडवत असेल तर कर्करोग झालेल्याने तो ओढवून घेतला, गरिबाने दारिद्र्य कल्पिले, पुरात बुडालेल्या गावाचा विश्वास कमी पडला असे म्हणावे लागते. हा सिद्धांत यशस्वी माणसाला सुखावतो आणि दुःखी माणसावर दुसरे दुःख लादतो. आजाऱ्याने बरे होण्याचे चित्र धीरासाठी पाहावे, औषध चालू ठेवून पाहावे. बरे वाटले नाही तर चित्र अपुरे पडले असा दोष त्याला कोणी देऊ नये. विद्यारण्यांनी ईश्वराचे जग आणि जिवाचे जग वेगळे ठेवले त्याचा मोठा लाभ इथे आहे: परदेशातल्या मुलाचा मृत्यू बापाच्या विचारांनी घडलेला नसतो.

सगळ्यांना मनात चित्र दिसतेच असेही नाही. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८० मध्ये सकाळच्या न्याहारीचे टेबल डोळ्यांपुढे आणायला सांगितले, तेव्हा कित्येकांना काहीच दिसत नसल्याचे आढळले. २०१५ मध्ये ॲडम झीमन यांनी या अवस्थेला 'अफँटेशिया' हे नाव दिले. अशी माणसेही बेत आखतात, ते तडीस नेतात, प्रार्थनाही करतात. पूजेच्या संकल्पाला चित्राची अट नाही. त्याला शब्द आणि पाणी पुरते. पूजा संपताना यजमान पुन्हा एकदा हातावर पाणी घेतो, केलेल्या कर्माचे फळ देवाला अर्पण केल्याचे म्हणतो आणि सुरुवातीला सोडले त्याच ताम्हनात ते सोडतो.